बिजागरीकडची बाजू

दाराला दोन कडा असतात. एक कडी-कोयंड्याची, दुसरी बिजागरीची. लेकरांना जपायला सांगताना घरातली मोठी माणसं आणि शाळेतल्या बाई पहिल्या कडेकडे बघून सांगतात. बोट मात्र जास्त वाईट चेंगरतं ते दुसऱ्या कडेला. कडीकडच्या बाजूनं दार आदळलं तर बहुतेक वेळा नख काळं पडतं, बोट सुजतं, दोन दिवस रडारड होते. बिजागरीकडच्या फटीत बोट असताना दार लागलं तर हाड मोडू शकतं आणि कधी नखासकट शेंडाच निघून येतो.

याचं कारण मुलांना शाळेतच ‘तरफ’ म्हणून शिकवलं जातं. बिजागरीपासून कडीपर्यंत दाराची झडप साधारण ७५ सेंटिमीटर रुंद असते. एका मुलानं कडीजवळ दोन किलोंइतका जोर लावून दार ढकललं आणि दुसऱ्याचं बोट बिजागरीपासून २ सेंटिमीटरवर असलं, तर त्या बोटावर सत्तर-पंच्याहत्तर किलोंचा भार येतो. अडकित्त्यात सुपारी जोडाच्या जवळ धरतात ती याच हिशेबानं. फक्त सुपारी धरणारा आणि अडकित्ता दाबणारा माणूस एकच असतो. शाळेच्या दारात ते दोघे वेगळे असतात, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो.

दार उघडं असताना ही फट दिसायलाही निरुपद्रवी असते. झडप काटकोनात उघडली की चौकट आणि झडप यांच्यामध्ये झडपेच्या जाडीएवढी, म्हणजे तीनेक सेंटिमीटरची मोकळी जागा तयार होते. चार वर्षांच्या मुलाची चारही बोटं तिथं आरामात मावतात. पलीकडे कोण आहे ते फटीतून डोकावून बघायला, आधारासाठी धरायला, नुसतं उभं राहायला ती जागा मुलांना फार सोयीची वाटते. दार लागत जातं तशी तीच फट काही मिलिमीटरवर येते.

ही किरकोळ बाब आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक हिशेब आहे. अमेरिकेत १९९९ ते २००८ या दहा वर्षांत दारामुळे जखमी होऊन तातडीच्या उपचारांसाठी रुग्णालयात आलेली १७ वर्षांपर्यंतची मुलं सुमारे १३ लाख ९२ हजार होती, असा अंदाज ‘क्लिनिकल पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. सरासरी काढली तर दर चार मिनिटांना एक मूल. निम्म्याहून जास्त दुखापती दारात चिमटल्याच्या होत्या, आणि जखमींपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त मुलं चार वर्षांची किंवा त्याहून लहान होती. त्याआधी, १९९९ मध्ये, ग्लासगोच्या बालरुग्णालयातले डॉ. दोराईस्वामी यांनी मुलांच्या बोटांच्या दुखापतींचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. तिथंही घरातलं आणि शाळेतलं दार हाच मोठा दोषी निघाला. हे देश आपल्याहून जास्त धांदरट आहेत असं कुणी म्हणणार नाही. त्यांनी मोजलं, एवढंच. आपल्याकडे शाळांची माहिती गोळा करणारी यू-डायस प्रणाली वर्गखोल्या, स्वच्छतागृहं, रॅम्प, संरक्षक भिंत असं बरंच काही विचारते. वर्षभरात किती मुलांची बोटं चेंगरली हा रकाना तिच्यात नाही.

म्हणून ही गोष्ट एखाद्या गावात नेऊन बघितलेली बरी. धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातलं येरमाळा हे सोलापूर-धुळे महामार्गावरचं, बालाघाटाच्या डोंगररांगेतलं गाव. येडेश्वरीचं गाव म्हणून उभ्या महाराष्ट्रात माहीत असलेलं. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत देवीची पालखी आमराईत येते आणि लाखो भाविक रानातले चुन्याचे खडे वेचतात. एवढी गर्दी अंगावर घ्यायची म्हणजे आत कुठून, बाहेर कुठून, गाड्या कुठं थांबणार, बायामाणसांची रांग कुठली याचा विचार गावाला आणि पोलिसांना दरवर्षी करावा लागतो. गर्दी अरुंद वाटेतून एकदम सुटली की काय होतं हे येरमाळ्याला वेगळं सांगायला नको. मधल्या सुट्टीची घंटा झाल्यावर साडेतीन फुटांच्या दारातून चाळीस पोरं एका दमात बाहेर पडतात तीही एक छोटी यात्राच म्हणायची. फक्त तिचा बंदोबस्त कुणी करत नाही.

त्यात वारा. आषाढात बालाघाटाच्या माळावर वारा कसा सुटतो हे भूम-वाशीकडच्या पवनचक्क्या बघितल्या की कळतं. वर्गखोलीला हवा खेळती राहावी म्हणून समोरासमोर खिडक्या-दारं ठेवायची ही चांगलीच पद्धत आहे. पण त्याच रचनेत एका बाजूनं झुळूक आली की दुसऱ्या बाजूचं दार धाडकन लागतं. ते उघडं राहावं म्हणून कुणीतरी खाली वीट किंवा धोंडा लावतं. तो सरकतो, किंवा त्याला पाय लागून दुसरंच मूल पडतं.

आणि ही दारं कसली असतात? जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांच्या बहुतेक इमारतींना लोखंडी चौकटीत पत्रा मारलेली दोन झडपांची दारं असतात. चोरी होऊ नये, वाळवी लागू नये, पावसात कुजू नये म्हणून ती तशी घेतली जातात आणि त्या हिशेबात ती चोखही आहेत. पण पत्र्याची कड लाकडासारखी बोथट नसते. काही वर्षांत झडप खाली बसते, फरशीला घासायला लागते. मग ती हलवायला खांदा लावावा लागतो. खांद्यानं ढकललेलं दार अडलेल्या जागेवरून सुटलं की सगळा जोर घेऊन एकदम लागतं. वऱ्हांड्याला लोखंडी सरकतं चॅनल गेट असेल तर त्याच्या कैचीसारख्या पट्ट्यांची प्रत्येक फुली म्हणजे बोटाला एक नवा सापळा. शिपाईपद रिक्त असलेल्या शाळेत हे गेट सकाळी कोण उघडतं? मोठ्या वर्गातली पोरं. त्यांना तो मानही वाटतो.

सगळ्यात दुर्लक्षित दार मात्र स्वच्छतागृहाचं. त्याबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे, कारण सुरक्षिततेची चर्चा तिथपर्यंत जातच नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाची आतली कडी तुटलेली असणं ही ग्रामीण शाळेत नवलाची गोष्ट नाही. कडी नाही म्हणून मैत्रीण बाहेर दार धरून उभी राहते. धरायला बाहेरून मूठ नसते, तेव्हा ती झडपेच्या कडेत किंवा चौकटीच्या फटीत बोटं घालून दार ओढून धरते. आतली मुलगी आतून ओढते, वारा तिसऱ्याच बाजूनं ढकलतो. बोट चेंगरण्याची यापेक्षा पक्की व्यवस्था ठरवून केली तरी जमणार नाही. एक कडी आणि बाहेरून एक मूठ बसवली की हा प्रश्न तिथंच मिटतो. मुलीची लाजही राहते आणि बोटही. स्वच्छतागृहं बांधली किती याचे आकडे सरकार हौसेनं देतं. त्यांच्या कड्या किती शाबूत आहेत, हे कुणीतरी एकदा विचारायला हवं.

बोट चेंगरल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “मस्ती करत होता.” मूल रडत असतानाच त्याची चूक ठरते. दुसरी चूक ठरते ती दार ढकलणाऱ्याची. दार वाऱ्यानं लागलं नसेल तर ते दुसऱ्या कुठल्यातरी मुलानं लावलेलं असतं, आणि त्या मुलाला फटीतला हात दिसलेला नसतो. तो दिसूच शकत नाही, तो दाराच्या पलीकडे असतो. पण गावात पुढे कित्येक वर्षं तो “त्याचं बोट तोडणारा” राहतो. एकाच गल्लीतल्या दोन घरांचं बोलणं बंद होतं, कधी उपचाराच्या खर्चावरून बैठक बसते. सहा-सात वर्षांच्या पोरावर हा शिक्का मारताना कुणाच्या मनात येत नाही की दोषी दार आहे, ते बसवणारा कंत्राटदार आहे, ते ताब्यात घेताना झडप हलवूनही न पाहणारा अभियंता आहे. मस्ती करणं हा मुलाचा धर्म आहे. शाळेचं दार ते मस्ती करणार हे धरूनच बसवायला हवं.

दुखापतीचं वैद्यकीय अंग येरमाळ्यासारख्या ठिकाणी जास्त महत्त्वाचं ठरतं, कारण इथून कळंब, बार्शी किंवा धाराशिव, कुठंही जायचं म्हटलं तरी पाऊण-एक तास धरावा लागतो. धाराशिवला २०२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे ही मोठीच सोय झाली. पण तुटलेलं बोट सूक्ष्मशस्त्रक्रियेनं जोडणारे शल्यविशारद बहुतेक मोठ्या शहरांतच असतात, आणि सोलापूर इथून शंभरेक किलोमीटर आहे. अशा वेळी पहिल्या दहा मिनिटांत शाळेत काय होतं त्यावर बरंच अवलंबून राहतं.

त्या दहा मिनिटांत जे होऊ नये नेमकं तेच बहुधा होतं. दार हळूच उघडण्याऐवजी बोट ओढून काढलं जातं. जखमेवर हळद, चहाची पावडर, टूथपेस्ट, हाताला लागेल ते थापलं जातं. रक्त थांबावं म्हणून बोटाच्या बुडाशी दोरा करकचून आवळला जातो. खरं तर स्वच्छ कापडानं सलग दाबून धरायचं आणि हात छातीच्या वर ठेवायचा, एवढ्यानं बहुतेक रक्तस्राव थांबतो. शेंडा तुटून पडला असेल तर तो स्वच्छ पाण्यानं हलकेच धुऊन, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून, कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं आणि ती पिशवी बर्फ टाकलेल्या पाण्यात ठेवायची. तुकडा थेट बर्फात ठेवला तर पेशी गोठून मरतात. शस्त्रक्रिया लागेल असं वाटत असेल तर मुलाला काही खाऊ-पिऊ घालायचं नाही. नीट थंड ठेवलेला तुकडा काही तास टिकतो, म्हणजे येरमाळ्याहून सोलापूर गाठता येतं. घाई करावीच, पण सैरावैरा धावण्यापेक्षा तुकडा नीट नेणं जास्त मोलाचं.

जिथं हाड मोडलेलं दिसत नाही तिथंही गाफील राहून चालत नाही. वाढत्या वयाच्या मुलांत बोटाच्या शेवटच्या पेरात हाडाची वाढ होण्याची जागा नखाच्या मुळाशी अगदी खेटून असते. नख मुळातून उपटलं गेलं असेल तर त्याच्याखाली त्या जागेचा अस्थिभंग झालेला असू शकतो. सेमूर नावाच्या शल्यविशारदांनी १९६६ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला ‘सेमूर फ्रॅक्चर’ म्हणतात. वरून साधी नखाची जखम वाटते, मलमपट्टी करून मूल घरी जातं, आणि मग हाडात जंतुसंसर्ग होतो किंवा पेराची वाढच खुंटते. त्यामुळे नख हललं असेल तर एक्स-रे काढल्याशिवाय मुलाला घरी नेऊ नये, आणि धनुर्वाताच्या लशीचं काय झालं तेही विचारून घ्यावं. दिलासा देणारी बाजूही आहे. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या डॉ. सिंथिया इलिंगवर्थ यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं की लहान मुलांत शेवटच्या सांध्याच्या पुढचा शेंडा गेला असेल तर पुष्कळदा नुसत्या स्वच्छ पट्टीखालीही तो आश्चर्य वाटावं इतका भरून येतो. ब्रिटनमध्ये तर नखाखालची गादी शिवल्यावर जुनं नख परत बसवावं की टाकून द्यावं एवढ्याच प्रश्नावर ४५१ मुलांना घेऊन रीतसर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले: टाकून दिलं तरी बिघडत नाही. बोटाच्या शेंड्याला इतकं गंभीरपणे घेणारी वैद्यकशाखा जगात आहे.

येरमाळ्याच्या आसपास आणखी एक अडचण आहे, ती पाठ्यपुस्तकात सापडत नाही. दिवाळीच्या सुमारास या भागातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात. मुलं आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. डिसेंबरात एखाद्या मुलीचं बोट चेंगरलं तर तिचे आईबाप कुठल्यातरी कारखान्याच्या फडात असतात आणि फोन लागेलच असं नाही. आजी घाबरते. मग भूल देण्याच्या, शस्त्रक्रियेच्या कागदावर सही कुणाची? हा प्रश्न रुग्णालयाच्या दारात पडण्याऐवजी स्थलांतराआधी शाळेत सोडवायला हवा. कोयता निघण्यापूर्वी प्रत्येक पालकाकडून दोन फोन नंबर आणि जबाबदार नातेवाइकाचं नाव लिहून घेणं, तेवढं पुरतं. हजेरीपत्रकाच्या मागच्या पानावर ते मावतं.

आता कायद्याचं बघू. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत आग लागली आणि ९४ मुलं गेली. त्यानंतरच्या अविनाश मेहरोत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १३ एप्रिल २००९ रोजी सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला. त्याच वर्षी आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात बारमाही टिकणारी इमारत, वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, मैदान, कुंपण असं सगळं आहे. २०१६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची शालेय सुरक्षा मार्गदर्शक तत्त्वं आली, २०२१ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्यानं शाळा व्यवस्थापनाची जबाबदारी निश्चित करणारी तत्त्वं काढली. ऑगस्ट २०२४ मधल्या बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या घटनेनंतर राज्यानं शाळांमध्ये सीसीटीव्हीची सक्ती केली. प्रत्येक पाऊल एकेका मोठ्या दुर्घटनेनंतर पडलेलं, आणि प्रत्येक पाऊल गरजेचंच. पण रोजची, बातमी न होणारी दुखापत या साखळीत कुठंच येत नाही. येरमाळ्याशेजारच्या तेरखेड्यात फटाक्याच्या कारखान्यात स्फोट झाला की जिल्हाभर बातमी जाते. दारात चेंगरलेलं बोट शाळेच्या आवाराबाहेरही जात नाही.

धाराशिव जिल्ह्यानं इमारतीकडे बघण्याचा धडा एकदा फार महागात घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गावंच्या गावं पुन्हा बांधली गेली. दगड-मातीच्या जाड भिंती, दारं-खिडक्यांवरचा काँक्रीटचा पट्टा हे शब्द साध्या माणसांच्या बोलण्यात आले. भिंत माणूस मारू शकते हे तेव्हा कळलं. दार बोट तोडू शकतं हे कळायला तसलं काही घडण्याची वाट बघायची गरज नाही.

इलाज साधे आहेत. पहिला तर फुकटात पडतो: शाळेच्या वेळात वर्गाचं दार लावायचंच कशाला? सकाळी दोन्ही झडपा पूर्ण उघडून भिंतीला टेकवायच्या आणि हुकात अडकवून टाकायच्या, त्या संध्याकाळीच सोडायच्या. भिंतीत एक हूक, झडपेला एक कडी, हे काम गावातला वेल्डिंगवाला चहा निवायच्या आत करून देतो. हूक मात्र मुलांच्या हाताला लागणार नाही इतका उंच हवा. बाहेर उघडणारी दारं वऱ्हांड्यात अर्धवट उभी राहतात आणि पळणारं पोर त्यांच्यावर आपटतं; पूर्ण मागे टेकवली की तोही धोका जातो. आग लागली तर वाट मोकळी असतेच.

जी दारं दिवसभर उघडी ठेवता येत नाहीत, म्हणजे कार्यालय, स्वच्छतागृह, स्वयंपाकघर, त्यांची बिजागरीकडची फट झाकायची. परदेशात यासाठी घडीच्या प्लास्टिक पट्ट्या मिळतात, ब्रिटननं तर २०१७ मध्ये अशा साधनांचं स्वतंत्र मानकच काढलं. येरमाळ्यात त्यासाठी कुरिअरची वाट बघण्याची गरज नाही. महामार्गावर पंक्चरची दुकानं आहेत, तिथं ट्रकच्या जुन्या ट्यूब पडलेल्या असतात. जमिनीपासून चार-साडेचार फूट उंचीपर्यंतची रबराची किंवा जाड रेक्झिनची पट्टी एका बाजूनं चौकटीला, दुसऱ्या बाजूनं झडपेला स्क्रूनं बसवायची. दार पूर्ण उघडताना ताणली जाऊ नये एवढी ती सैल ठेवायची, नाहीतर आठवड्यात उखडते. स्क्रूखाली वॉशर हवा. दारामागची, बिजागरी दिसते ती बाजूही तशीच झाकायची. तिथं अरुंद पट्टी पुरते. बाजारात मिळणारे झडपेच्या कडेवर चढवायचे फोमचे तुकडे घरी ठीक आहेत. शाळेत मुलं ते पहिल्याच दिवशी काढून त्यांच्याशी खेळतात.

झडपा घासत असतील तर बिजागऱ्या बदलणं, पत्र्याची धारदार कड दुमडून घेणं, चॅनल गेटला फक्त मोठ्या माणसानं हात लावायचा असा नियम करणं आणि तो खरोखर पाळणं, ही बाकीची कामं. एसटीच्या आणि वडापच्या जीपच्या दारांचं काय, असं कुणी विचारेल. तिथं बोट वाचवण्याचा मार्ग एकच: मुलं बसली, हात आत आहेत, हे बघूनच दार लावायचं. ते वाहक-चालकाच्या हातात आहे आणि शाळेनं त्यांना एकदा तोंडी सांगितलं तरी फरक पडतो.

यावर “आधी छत गळतं ते बघा” असं उत्तर मिळू शकतं, आणि ते खोटंही नाही. पण छताला अंदाजपत्रक, मंजुरी, निधी लागतो, त्यात दोन-दोन वर्षं जातात. दाराला पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर लागतो. समग्र शिक्षा अभियानातून शाळांना पटसंख्येनुसार एकत्रित अनुदान मिळतं: ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला १० हजार रुपये, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, हजारापर्यंत ७५ हजार. ते उशिरा येतं, त्यातून वीजबिल, खडू, झाडू सगळंच भागवायचं असतं, हे शिक्षकांचं म्हणणं खरं आहे. तरी एका खोलीच्या दाराला लागणारा खर्च काहीशे रुपयांत बसतो. शिवाय शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात. त्यांत एखादा सुतार, एखादा फॅब्रिकेशनवाला, एखादी शिवणकाम करणारी बाई निघतेच. विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजीव गांधी अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे, ती अपघात झाल्यावर पैसे देते. समितीनं अपघाताआधीचे काहीशे रुपये शोधायचे आहेत.

सगळ्यात आधी बघायला हवी ती अंगणवाडी. धोका सगळ्यात जास्त पाच वर्षांच्या आतल्या मुलांना असतो, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते सहा वयाची मुलं औपचारिक शिक्षणाच्या वर्तुळात आणली आहेत. ती आता शाळेच्या आवारात, सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी बांधलेल्या खोल्यांत बसू लागली आहेत. ही मुलं महिला व बालविकास खात्याची, इमारत कधी जिल्हा परिषदेची तर कधी ग्रामपंचायतीची. दार कुणाचं हा प्रश्न तिथं खरोखरच उभा राहतो आणि दोन खात्यांच्या मधल्या फटीत अडकतो. ग्रामपंचायतींनी शाश्वत विकासाच्या ज्या नऊ संकल्पनांवर आराखडे करायचे आहेत, त्यांत ‘बालस्नेही गाव’ ही एक आहे. अंगणवाडी आणि पहिलीच्या वर्गांची दारं तिच्यात एका ओळीत बसतात, आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ती ओळ घालायला कुणाची परवानगी लागत नाही.

मोजणीही तिथूनच सुरू करता येईल. शाळेत एक साधी वही: तारीख, मुलाचं वय, कुठलं दार, कडीची बाजू की बिजागरीची, दार वाऱ्यानं लागलं की हातानं, दवाखान्यात पोचायला किती वेळ लागला. ढकलणाऱ्याचं नाव लिहायचं नाही. परिसरातल्या शाळांचे शिक्षक दर महिन्याला केंद्राच्या शिक्षण परिषदेत एकत्र बसतातच. वर्षाअखेरीस त्या वह्या केंद्रप्रमुखांनी तिथं उघडल्या तर पुढच्या जूनमध्ये आधी स्वच्छतागृहाच्या कड्या बसवायच्या की वर्गांचे हूक, हे येरमाळ्यातच ठरवता येईल.